वानगी

तुर्भ्याच्या मार्केटात, गुळाच्या गाळ्यावर
एकोणीस वर्षं मी जिभेवर पोट भरलं.
ढेपेला नख लावायचं, टवका तोंडात,
आणि डोळे मिटून सांगायचं :
कराडकडचा. पाणी खारं लागलंय. दोन रुपये उतरवा.

आता शेठ दुसऱ्याची जीभ बोलावतो.
तीन महिन्यांची साखर मोजणाऱ्या कागदावर
साडेआठ लिहून आलं,
आणि घणसोलीच्या घरी, ओट्यावर, मिठाशेजारी
एक पांढरी डबी बसली.
अंगठ्याने दाबली की टक्!
मुगाएवढीही नाही अशी गोळी चहात.

ऋजुताला तो टक् आवडला. वय सात.
म्हणाली, माझ्या दुधात बाबांची गोळी.
प्रणिता म्हणाली, देऊ या की.
मागच्या दोन दाढा किडल्यात,
साडेतीन हजार तूच मोजून आलास.
– तिला काय झालंय औषध घ्यायला?
– औषध नाही ते. गोड आहे.
– मग साखर का नको?
– कारण साखर गोड आहे.
इथे दोघंही हसलो, आणि भांडण उद्यावर गेलं.
दूध पातेल्यात साय धरत राहिलं.

डबीमागचं बारीक मी चष्मा लावून वाचलं :
लहान मुलांना देऊ नये, असंच काहीसं.
प्रणिता म्हणाली, निदान लिहिलंय तरी.
बिस्किटाच्या पुड्यामागे कोण लिहितं?
यावर मला काही सुचलं नाही, अजूनही नाही.

ऋजुताने परस्पर निकाल लावला.
खिडकीच्या कठड्यावर गुळाचा खडा, शेजारी गोळी.
दिवेलागणीपर्यंत खडा दिसेना, नुसत्या मुंग्या.
गोळीला मात्र वळसा,
वाटेत कुणी पाय पसरून बसल्यासारखा.
"बघ," मी म्हणालो.
"मुंग्यांना दाढा नसतात," प्रणिता म्हणाली.

काल रात्री डबीतल्या गोळ्या मोजल्या.
सकाळपेक्षा तीन जास्त गेलेल्या.
हाक मारणार, तोच ती समोर,
हातात माझा कामावरचा शर्ट,
खिसा उलटा करून बाहेर काढलेला,
शिवणीला चिकटलेला पिवळा चुरा
आणि त्यावर मुंग्या, घाईत.

तिने डबीकडे पाहिलं. मी खिशाकडे.
आतून प्रणिता, "काय चाललंय रे?"
"काही नाही," दोघंही एकदम.
शर्ट तिने मोरीत नेऊन झटकला.