पंक्चरची डबी

रविवारी खडकवासल्याला जाऊन आलो,
सोमवारी उपाशीपोटी रक्त दिलं.
पीएसए सहा पॉइंट आठ.

डॉक्टर उकिडवे चष्म्यावरून म्हणाले,
‘सायकल चालवता?’
चोरून विडी ओढताना सापडावं तसा मी.
‘आठवडाभर हात लावू नका. मग परत तपासू.’

आता ती पार्किंगमध्ये,
सीटवर तळमजल्याच्या फणसळकरांचं मांजर.
मी पायी जातो एरंडवण्यात भाजीला.
उतार लागला की पाय थबकतात,
पॅडल मारणं सोडल्यासारखे.

आकडा उतरला तर दोष सीटचा.
नाही उतरला तर
हिला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
रिपोर्ट ठेवलाय पंक्चरच्या डबीत,
सोल्यूशनच्या चेपलेल्या नळीशेजारी.

काल रात्री तिसऱ्यांदा उठलो,
तसाच खाली गेलो, दोन्ही चाकं दाबून पाहिली.
पुढच्यात हवा कमी होती.