मागची बाजू

"आठशे रुपयांत तयार मिळतीय की,"
पुलगमशेठ म्हणाले,
आणि गादीवरून न उठता
मोबाइल माझ्याकडे सरकवला.

पडद्यावर एक परदेशी बाई
पांढऱ्या पलंगावर पाय दुमडून कॉफी पीत होती.
मागे खिडकी, खिडकीत बर्फ.
"बाईच्या जागी चादर टाकायची, झालं.
एवढं तर आमचं पोरगं करतंय. नववीत हाय."
माझा आकडा होता अठ्ठावीस हजार.
तो बोलून झाला होता,
आणि आता चहाच्या बशीशेजारी
निवत पडला होता.

तयारी करून गेले होते मी.
गुलबर्ग्याचा घाऊकवाला एसटीत बसून बघणार,
एका अंगठ्यानं, रेंज जात-येत असताना,
त्याला आधी वजन पाहिजे, मग माप,
मग रंग जातो का ते,
बर्फ त्याला काय करायचाय?
यातलं काहीच बोलले नाही.
म्हणाले, "बघा, तुमची मर्जी."
स्कूटी अशोक चौकापर्यंत तशीच ढकलत आणली,
पेट्रोल होतं तरी.

घरी नाना शेंगा सोलत होते.
चाळीस वर्षं त्यांनी जाकार्डची नक्षी कापली.
आलेख कागदावर चौकट-चौकट मोर भरायचा,
मग पुठ्ठ्याला भोकं,
भोक म्हणजे दोरा वर, कोरं म्हणजे दोरा खाली.
एका मोराला साडेसहाशे पुठ्ठे.
मोर चालला, की पेठेतल्या बाकीच्या मागांवर
महिन्याभरात तोच नाचायचा.
पुठ्ठे कोण रात्री नेऊन उतरवायचं
सगळ्यांना ठाऊक. नानांनाही.
म्हणून ते डाव्या पायाला एक बोट जास्त ठेवायचे.
एकदा सिव्हिलमध्ये, आत्त्याच्या शेजारच्या खाटेवर,
त्यांना ते बोट दिसलं.
आत्त्याला विसरून त्या चादरीजवळच उभे राहिले.

खरं सांगू?
मीही कोऱ्यावरून कधी सुरू करत नाही.
कुणाचा तरी साचा उचलते, उसवते,
कॉलर बदलते, बाह्या आत घेते.
अठ्ठावीस हजार कशाचे, असं कुणी नीट विचारलं
तर मला थांबून विचार करावा लागेल.

दिवाळी गेली. गड्ड्याची जत्रा गेली.
मार्चमध्ये फोन : "अगं सुवर्णा, जरा येऊन जा.
सात महिने झाले, एक चौकशी नाही."
गेले. बाई गेली होती, चादर आली होती,
बर्फ मात्र तसाच.
आणि तळाशी 'संपर्क' खाली
फोन नंबर साच्यातलाच राहिलेला,
नकाशात कुठलं तरी समुद्रकाठचं गाव.
सोलापुरात समुद्र!
पोरगं आता दहावीत, क्लासला गेलेलं.
शेठनी मोबाइल उलटा करून ठेवला गादीवर.
मी नंबर बदलला. दोन मिनिटं लागली.
पैसे घ्यावेत की नाही ते कळेना,
तोवर त्यांनी दोन चादरी बांधून दिल्या.

नानांनी चादर हातात घेतली
आणि सवयीनं उलटली.
सुलटीला लाल ते उलटीला पांढरं,
पांढरं ते लाल.
दोरे नखानं मोजले. "बरी आहे," म्हणाले.
मग माझ्या लॅपटॉपकडे बोट :
"आन् ह्याची मागची बाजू?"

मी उघडून दाखवली.
काळ्यावर बारीक हिरव्या ओळी,
कंस, टिंबं, खूप खाली उतरत जाणाऱ्या.
नाना चष्मा पुसून पुढे वाकले,
भोकं वाचायचे तसे, ओठ हलवत.
इंग्रजी त्यांना अक्षर लावून लावून येतं.
एका ओळीवर थांबले.
"हे काय लिहिलंय?"

'इथे आपल्या दुकानाचं नाव टाका.'

"टाकलं नाही मग?"
"टाकलं की, नाना. पुढच्या बाजूला."
"मागं राहिलंय," म्हणाले,
आणि शेंगांकडे वळले.