कठड्याची मूठ

सोमवारी सकाळी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं.
शिकवायला लीड्सहून कॅलम आला, वय पंचवीस,
मोज्यांवर अननसांची नक्षी.
म्हणाला, आता रेषा विसरा.
इथे भिंत काढायची नाही, भिंत ठेवायची.
भिंतीला ठाऊक असतं आपण भिंत आहोत,
आपली जाडी, आपली किंमत,
आपल्यातून किती ऊब निसटते तेसुद्धा.

बावीस वर्षं मी रेषा काढल्या.
माझ्या रेषेला कधीच काही ठाऊक नसायचं.
दगडाची कड, शिशाचा पत्रा,
पाणी तुटून खाली पडावं म्हणून
खिडकीच्या उंबऱ्याखाली कोरलेली खाच,
सगळ्या सारख्याच: काळ्या पडद्यावर पिवळ्या, निमूट.
ठाऊक असायचं ते मला.

हॅलिफॅक्सच्या चढावर एक जुनं चॅपल आहे,
त्याचं आता वाचनालय होतंय.
तिथे जिन्याचा कठडा खाली येता येता
शेवटच्या पायरीशी थबकतो
आणि स्वतःतच वळतो,
चकलीचा पहिला वेढा, फक्त काटे नसलेला.
नियमाप्रमाणे आता दोन्ही बाजूंना कठडा लागतो.
फिलिपा म्हणाली, दुसरी मूठ हुबेहूब हवी.

मी सॉफ्टवेअरकडे मूठ मागितली.
त्याने गोल दिला, चौकोन दिला, लंबगोल दिला,
कुठल्याशा कंपनीची स्टीलची टोपी दिली.
मग छेद घेऊन, वळणावरून सरकवत सरकवत
बुधवारी दुपारी कशीबशी उभी केली,
तर सूचना आली:
हा घटक कशालाच टेकलेला नाही.
त्याखाली प्रश्न, प्रकार कोणता?
दार, खिडकी, छत, जिना, फर्निचर.
यादीच्या पार तळाशी: इतर.

जनगणनेच्या फॉर्मातही असंच झालं होतं.
मुख्य भाषा इंग्रजी, नाहीतर इतर, लिहून द्या.
एकेका चौकोनात एकेक रोमन अक्षर भरलं
तरी बरेच चौकोन उरले,
त्यांच्याकडे मी पेन धरून बघत बसले होते.
असो.

गुरुवारी पूर्ण मापात छापून
कागद चॅपलमध्ये नेला.
सुतार ब्रायन अ‍ॅक्रॉइड, साठी उलटलेला, बोलायला महाग.
त्याने कागद मुठीवर धरला, अंगठा फिरवला,
आणि म्हणाला, इथे तीन मिलिमीटर.
खरंच, आतल्या अंगाला लाकूड कमी होतं.
मी छेदाची अर्धीच बाजू मापली होती,
उरलेली सॉफ्टवेअरने आरशासारखी उलटवून दिली होती.
आणि इकडे दीडशे वर्षं
गिरणीतली माणसं प्रार्थना आटोपून खाली उतरताना
नेमका इथेच हात टेकत आली होती.

मी विचारलं, मग नव्या मुठीतही झीज कोरायची?
हुबेहूब म्हटलंय.
ब्रायन हसला, पेन्सिल कानामागे खोचली.
झिजेचे मी पैसे घेत नाही, म्हणाला,
ती फुकट येते. वेळ तेवढा लागतो.

त्या संध्याकाळी जुनं सॉफ्टवेअर उघडलं.
लायसन्स मार्चअखेर संपतंय.
एक रेषा काढली, नुसतीच,
डावीकडून उजवीकडे.
मग सेव्ह न करता बंद केलं.

शुक्रवारी मुठीला एक नवं माप जोडलं.
नाव द्या, असं आलं.
मी देवनागरीत टाइप केलं: हात.
वाटलं होतं दोन रिकाम्या चौकटी दिसतील.
पण नीट उमटलं, कान्यासकट.
तक्त्यात आता जुन्या मुठीपुढे हात ३,
नव्या मुठीपुढे हात ०.

दुपारी कॅलमचा फोन,
फाइल तपासतोय, ती दोन अक्षरं कसली? एरर आहे का?
म्हटलं, नाही. माप आहे.
बरं, म्हणाला,
आणि पुढच्या धड्याकडे वळला, दरवाजांच्या.