चाळीस आणि तीस

बुधवारी बोर्ड भरतो, सिव्हिलच्या मागच्या इमारतीत.
साडेआठलाच जाऊन बसलो आम्ही,
नायना, मी, आणि निळ्या पिशवीत
एक्स-रे, सात झेरॉक्स, भाकरी नि शेंगाचटणी.

विमा कंपनीचा वकील कोर्टात म्हणाला होता,
यांच्या डॉक्टरचा दाखला यांच्याच बाजूचा.
आमचा वकील म्हणाला, तुमच्याचा तुमच्या.
म्हणून आता हे तिसरे,
ज्यांना मेरगू लिंबय्या कोण ते ठाऊक नाही
आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

आधी हाडांच्या खोलीत उजवा हात गेला.
डॉक्टर शाबादींनी कोनमापक लावला.
मिटा. उघडा. ही किल्ली धरा. सोडा.
ज्या दोन बोटांनी एकतीस वर्षं
तुटलेला धागा न बघता गाठला
त्यातलं एक नव्हतंच,
दुसरं अर्ध्या वाटेत थांबत होतं.
कागदावर तो हात चाळीस टक्के झाला.

डोळ्यांच्या खोलीत काहीच निघालं नाही.
ते ऐकून नायनांचा चेहरा उतरला.
डोळे धड निघाले म्हणून
खजील झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का?
लागते, पण माग थांबत नाही.
कुठला माग?
नायना माझ्याकडे बघायला लागले.
अक्कलकोट रोडचा तो कारखाना
दिवाळीतच बंद झालाय, मी सांगितलं.
डॉक्टरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं
आणि आम्हाला कानाच्या खोलीकडे धाडलं.

तिथे डॉक्टर हत्तुरे. माझ्याहून लहानच असतील.
नाव?
मेरगू लिंबय्या.
काम?
जेकार्डवर, चादर.
किती वर्षं?
एकतीस.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
छान ऐकू येतंय की काका तुम्हाला.
माझ्या पाठीला घाम सुटला. मार्च होता तरी तो उन्हाचा नव्हता.

मग काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक,
फाईल उचलून तोंडासमोर धरली
आणि विचारलं, तुमच्या मुलीचं नाव काय?

नायना फाईलकडे बघून हसत राहिले,
दुकानदार आतून सुटे पैसे घेऊन येईपर्यंत
आपण उभे असतो, तसे.
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने
की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

मागांच्या शेडमध्ये कोणी ऐकत नाही, डॉक्टर.
तिथे ओठ वाचतात.
कांडी संपली, चहा आला,
मुकादमाची आईवरची शिवी,
सगळं ओठांवर.
हे मी म्हणायला हवं होतं.
मी फक्त झेरॉक्स सरळ करत बसले.

कान तीस.

क्लार्क म्हणाला, चाळीस आणि तीस सत्तर होत नाहीत.
सूत्र आहे. नव्वदातून चाळीस वजा करा,
तिसाने गुणा, नव्वदाने भागा, चाळिसात मिळवा.
सत्तावन्न.

नायना त्याचे ओठ बघत होते.
साहेब, चाळीस तार तुटले, मग अजून तीस तुटले,
तर चादरीत भोक सत्तराचं पडतं.
सही इथे करा, क्लार्क म्हणाला. डाव्या हाताने चालेल.

लहानपणी लाइट गेली की मी हाक मारायचे:
नायना, तिन्नवा? जेवलात का?
अंधारातून उत्तर यायचं नाही.
आई म्हणायची, दमलेत, राहू दे.
मला वाटायचं, रागावलेत,
आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेची वही
मुद्दाम दाखवायचे नाही.
किती रात्री. त्यांचे टक्के
कुठल्या खोलीत काढतात
हे विचारायचं राहिलंच.

सात रस्त्याला टमटम मिळाली.
मी समोरच्या फळीवर बसले, उलटी,
त्यांच्याकडे तोंड करून.
हॉर्न, धूळ, कंडक्टर पोरगा ओरडतोय कन्ना चौक कन्ना चौक.
आपल्या भाषेत, आवाज अजिबात न काढता,
म्हटलं, भाकरी तशीच राहिली.

ते म्हणाले,
चटणीत तिखट जास्त पडलंय ना तुझ्याकडून?