मध्यम माप

आव नदीच्या काठी आमचा कारखाना.
बाहेर पाटीवर मालकाच्या आजोबांचं नाव,
आत शर्टांवर दुसऱ्यांची.

नवे ब्रँडवाले येतात, फोनमधली चित्रं दाखवतात:
कडा, दाढी, धुकं,
आणि त्यात कुठेतरी एक शर्ट.
"असा," म्हणतात, "पण आमचा वाटेल असा."
झुल्मिरा चष्मा कपाळावर ढकलते.
कॉलरच्या पोटात काय घालायचं?
सेंटिमीटरला टाके किती?
धुतल्यावर कापड किती आटलं तर चालेल?
पोरं एकमेकांकडे बघतात.
सुतावरून स्वर्ग गाठून आलेली असतात,
आम्ही त्यांना परत सुतावर आणतो.

मग इस्त्रीखात्यात हाक जाते: अदेरितो!

तो येतो हात पुसत,
वाफेनं कानापर्यंत लाल झालेला.
बावीस वर्षं तो आमचा मध्यम माप.
कोपनहेगनचे वकील, लिऑनचे वाइनवाले,
नाव न कळलेल्या शहरांतले नवरदेव,
सगळ्यांच्या आधी शर्टात तो शिरलेला.
त्याचे वेगळे पैसे नाहीत.
नमुना नापास झाला की शर्ट त्याचा, एवढंच.
म्हणून रविवारी चर्चमध्ये तो बसतो
एक कॉलर टोक जरा लांब असलेल्या शर्टात,
आणि पाद्र्याकडे न बघता मी त्या टोकाकडे बघते.

"हात वर कर," मी म्हणते. करतो.
"गाडी चालव." हवेत स्टिअरिंग धरतो.
"बुटाची नाडी बांध."
तो वाकतो. पाठीवर जी चुणी उमटते
तिच्यावर झुल्मिरा खडूनं रेघ ओढते,
आणि तिथे पहिल्यांदा पोरं गप्प होतात.
त्यांच्या चित्रातला माणूस
कधी वाकलेलाच नसतो.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती.
तरुणपणी तागे वाहून वाहून
अदेरितोचा डावा खांदा उतरलेला.
अर्धा सेंटिमीटर.
नमुना शिवताना झुल्मिरा तेवढा उतरवायची,
पास झाला की कागदावर परत चढवायची.
मला माहीत होतं, कारण माझ्या गळ्यात टेप असते.
तिला माहीत होतं की मला माहीत आहे.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा त्याचं पोट एकशे चारवर गेलं.
मालक बराच वेळ हिशेबाची वही चाळत राहिला,
मग म्हणाला, "मध्यम असं कुणी कायमचं नसतं."
खोक्यातून पुतळा आला.
डोकं नाही, हात निघतात,
दोन्ही खांदे पाण्याच्या पातळीसारखे.
अदेरितोनं त्याच्या छातीवर टिचकी मारली,
आवाज ऐकला,
आणि इस्त्रीकडे परत गेला. जूनमध्ये निवृत्त झाला.

सप्टेंबरात पहिला नमुना चढवला.
निळा, बारीक विणीचा, बटणं शिंपल्याची.
डावी बाही लोंबत होती.
मी मापलं. पुन्हा मापलं.
झुल्मिरा खिडकीतून नदी बघत होती,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.
तक्त्यात मी लिहिलं: डावा खांदा, अर्धा सेंटिमीटर, नापास.
कारणाचा रकाना कोरा सोडला.

संध्याकाळी शर्ट घडी करून
त्याच्या दारी गेले.
त्यानं घातला. पोटाची दोन बटणं सोडून दिली.
कफ चाचपले, काजं मोजली,
कॉलरची टोकं जुळवून पाहिली,
शिवण उलटी करून दिव्याखाली धरली.
"ह्याच्यात काय चुकलंय?"

मी म्हटलं, "शोध."

अजून आरशासमोर उभा असेल.