सत्त्याऐंशीची शाई

दापोलीच्या कोर्टात विचारलं, व्यवसाय?
म्हटलं, शाई ढवळणं.
कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं
आणि लिहिलं : निवृत्त.

खेडला, जगबुडीच्या काठी
आमचा कारखाना म्हणजे चार पिंपं, पत्र्याची शेड,
मागं चिखलात बसलेल्या म्हशी.
एकतीस वर्षं माझी नखं निळी होती.
लग्नात हळद लागली
तीही नखांपाशी हिरवी झाली.

मालक दिगंबर खातू, मोजकं बोलणारे.
दर जानेवारीला मुंबईहून एक बुटकी बाटली आणायचे
आणि पहिल्या पिंपात चिमूट सोडायला लावायचे.
आमटीला पुरणार नाही एवढी.
हे काय, म्हटलं, तर म्हणाले,
हर्णैचा माणूस आपल्या बोयाला चिंधी बांधतो ना,
दर्यात ओळखू यावी म्हणून?
तशी आपण वर्षाला बांधायची.
पंच्याऐंशीला टर्बियम.
शहाऐंशीला काहीच नाही,
पुरात बाटली वाहून गेली.
सत्त्याऐंशीला युरोपियम.
नावं मला उच्चारता यायची नाहीत,
वहीत मात्र बरोबर उतरवून घ्यायचो.

आता टेबलावर एक साठेखत :
दाभोळच्या उतारावरचे सव्वीस गुंठे,
अकरा काजू, एक विहीर.
तारीख बारा मार्च एकोणऐंशी.
खाली सही हुसेन परकारची,
जो बहारीनला बोटीवर होता
आणि चौऱ्याऐंशीला तिथंच मातीत गेला.
एका बाकावर त्याची बायको झुबेदा,
दुसऱ्यावर चुलतभाऊ इस्माईल, ज्याच्या ट्रंकेतून
कागद अचानक निघाला.

मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या गोवेकरबाईंनी
सहीच्या शेपटीतून सुईच्या टोकाएवढा ठिपका घेतला होता.
त्यांनी आलेख दाखवला.
सपाट पुळणीवर एकच माड उभा असावा
तशी एक रेघ.
युरोपियम, त्या म्हणाल्या,
आणि सगळे माझ्याकडं वळले.

सत्त्याऐंशी, मी म्हटलं.
बाटली जपून ठेवली तर नव्वदीतही लिहिता येईल, साहेब,
पण एकोणऐंशीत नाही.
ही शाई तेव्हा पिंपात नव्हती.

इस्माईलचा वकील हुशार.
वही तरी तेव्हाची कशावरून?
काल रात्री बसून लिहिली नसेल?

वाजवी शंका.
पण मी दर वर्षी त्याच वर्षीच्या पिंपात टाक बुडवायचो,
दुसरी शाई विकत कोण घेणार?
वही तपासा, म्हटलं. पान पान तपासा.

आणि देण्याआधी
तिच्यातून एक घडी घातलेला कागद काढून
खिशात घातला. कुणी पाहिलं नाही.
न्यायाधीश पाणी पीत होते.

तो कागद असा :
ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.
रजा मिळाली आहे, गणपतीला नक्की येतो.
पाच ऑगस्ट पंच्याऐंशी.
आई गेली त्या सप्टेंबरात.
मी गेलो नव्हतो. लिहिलंही नव्हतं.
दोन वर्षांनी बसलो आणि मागची तारीख घातली,
पोस्टात गहाळ झालेलं सापडलं, असं सांगून
यशवंताच्या हातात दिलं.
तो रडला. वाडीभर वाचून दाखवलं त्यानं.
म्हणाला, बघा, भाऊ यायचाच होता.
तो वारल्यावर त्याच्या कागदांबरोबर ते परत माझ्याकडं आलं.

निकाल जूनमध्ये लागला.
वहीची पानं आपापल्या वर्षांना धरून निघाली,
शहाऐंशीचं पान कोरं बोललं.
झुबेदाबाईंनी पिशवीतून काजूगर दिले,
त्याच अकरा झाडांचे.
नको म्हटलं. ऐकेनात.

स्टँडवर दाभोळची गाडी गेली, खेडची यायची होती.
पत्र उघडून उन्हात धरलं.
साधी निळी अक्षरं. थोडी फिकी.
डोळ्यांना काही दिसत नाही.
ठिपका घ्यायला बाई लागतात, यंत्र लागतं,
आणि वर्ष सांगायला
मी.