दोन आण्यांची बाजू

दिवाळी सरली की दांडीच्या वाळूत तंबू लागायचा.
पडद्यापुढे पुरुष, चार आणे.
पडद्यामागे आम्ही, दोन आणे.
हाताला बांगड्याचा वास असला
तर तंबूवाला नाकावर रुमाल धरून म्हणायचा,
बसा, पण वाऱ्याच्या त्या अंगाला.

खेळाआधी पडदा भिजवावा लागे,
नाहीतर उजेड आरपार येत नसे.
गिरकरांचा एक पोरगा शिडीवर चढून
घागरी ओतायचा. पाणी समुद्राचंच.
शिमग्यापर्यंत कापडावर मीठ धरायचं
आणि त्याच्या कपाळावर असं चमकायचं
की द्वारका पदर पुढे करून म्हणायची,
अगो, घामाघूम झालो गो तो.

त्याचं नाव आम्ही घेत नसू.
नवऱ्याचं घेत नाहीत, मग त्याचं कसं घ्यायचं?
'तो' म्हटलं की सुकटीच्या मांडवाखाली
सगळ्यांना कळायचं कोण.

वारा फिरला की पडदा शिडासारखा फुगे,
त्याचा गाल टम्म होई, दाढ सुजल्यासारखा.
तरी देखणाच.
पाट्या उलट्या यायच्या, पत्रं उलटी यायची,
पण आम्हांला सुलटी अक्षरं तरी कुठे येत होती?
तलवार तो डाव्या हाताने चालवायचा.
तीळ उजव्या गालावर.

यावरून लिलावाच्या वेळी भांडणं.
पुरुष म्हणत, तीळ डाव्या गालार, आंधळ्यो तुम्ही.
आनशी तांडेल सुरी थांबवून म्हणाली,
मेल्यांनो, तुमी तेका चार आणे देऊन बघतास,
आमी जीव लावून.
आणि सुरमयचं डोकं एका घावात वेगळं केलं.

एकदा द्वारकेने पैसे साठवले.
भावाचं धोतर, मुंडासं, चार आणे,
पुढे जाऊन बसली.
आम्ही मागे वाट बघत राहिलो,
मध्यंतर झालं, शेवटचं गाणं झालं.
परतताना किती विचारलं तरी बोलेना.
राजकोटाच्या वळणावर एवढंच म्हणाली,
थंयसून तो दुसऱ्याच कोणाचो वाटता.

घागरी ओतणाऱ्या पोरानेही
त्याला कायम पाठूनच पाहिलेला.
तो भांग आमच्या बाजूचा पाडायचा.
पुढे माझं लग्न त्याच्याशीच झालं,
म्हणून इथेही त्याचं नाव नाही.

आता दोघी नाहीत. गिरकरही नाहीत.
तंबूच्या जागी बोटिंगवाल्यांच्या खुर्च्या.
परवा पुतण्याचा सर्वेश मोबाईल घेऊन आला,
काकी, तुमच्या वेळचा हिरो दाखवतो, नाव सांग.
मी म्हटलं, नाव घ्यायला उखाणा लागतो.
हसला. मग तीळ सांगितला, तलवार सांगितली,
घोड्यावरून पडतो ते सांगितलं,
अर्ध्या तासाने सापडला.

तळहाताएवढा. कोरडा.
तीळ डाव्या गालावर.
कोणीतरी बरा माणूस होता तो,
वाईट नव्हता दिसायला.

सर्वेश चहा प्यायला आत गेला
तेव्हा मी मोबाईल घेऊन कपाटापुढे उभी राहिले.
आरशाचा पारा उडालाय, खाऱ्या हवेत टिकत नाही,
बरोबर मधोमध डाग पडलेत मिठासारखे.
मोबाईल आरशाकडे धरला.

आलो, म्हटलं.
आणि पदर सारखा केला.